बेंदराच्या दिवशीचं पाणी

त्या छोट्या आगगाडीचं कौतुक सांगणारे पुष्कळ भेटतात. तिच्यामुळं निपाणीकडचा तंबाखू लांबच्या बाजाराला लागला, आमच्यासारख्या खेड्यातल्या बायका बेळगाव बघून आल्या, सगळं खरं. मला मात्र तिचा ड्रायव्हर आठवतो, आणि या वयातही तळपायाची आग मस्तकाला जाते.

इंजिनाला पाणी आमच्याच विहिरीचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, बैलांची मोट हाकून ठेसनाची टाकी भरत. त्या जोडीतला एक बैल मला माहेरून आंदण मिळालेला. वासरू असल्यापासून मीच त्याला भाकरी चारलेली. एका सकाळी मोट सुटल्यावर तो घराकडं येताना रूळ ओलांडत होता, आणि ड्रायव्हरनं शिट्टीसुद्धा न वाजवता गाडी घातली. बैल जागीच गेला. खाली उतरून त्या माणसानं विचारलं काय, तर, "टाकी भरलीया न्हवं?"

 मी मनात खूणगाठ बांधली. नवा बैल आला, मोट पुन्हा चालू झाली, आणि ड्रायव्हर सगळं विसरून गेला.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नसतं. म्हणून मामंजी दरसाल आदल्या संध्याकाळीच टाकी भरून ठेवत. त्या साली मी म्हणाले, "मामंजी, औंदा टाकी भरू नगासा." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बैल धुवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा टाकी कोरडी होती. ड्रायव्हर धावत आमच्या दारात आला. "मोट धरा की लौकर. पाणी न्हाय मिळालं तर इंजान फुटंल."

"आज बेंदूर हाय. बैल जुपत न्हाय," मामंजी म्हणाले.

"मग मी हातानं वढतो."

"वढा," मी म्हणाले. "पर पयली बादली आमच्या बैलाला."

घामाघूम होऊन त्यानं बादली ओढली आणि जुन्या जोडीतल्या मागं राहिलेल्या बैलापुढं ठेवली. शिंगं रंगवलेला तो बैल सकाळपासून आंबील पिऊन तट्ट झाला होता. त्यानं पाण्याला तोंड लावलं नाही. ड्रायव्हर बादली उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "त्याला तहान लागंस्तवर थांबा."