रफिकची साबणाची डबी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर एकच म्हणत आलो — माल दाखव, मग भाव बोलू. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय...

हर्सूलला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. कुणाच्या बापाच्या पैशावर उभं नाही. आधी आम्ही दोघं होतो, मी आणि रफिक. पंज्याएवढे स्वस्त कॉम्प्युटर बोर्ड घ्यायचे, त्यात असं सॉफ्टवेअर टाकायचं की ते मधे कुणाला न घेता थेट एकमेकांशी जोडले जातात, फायलींच्या प्रती आपसांत ठेवतात. तयार डबा महाग पडायचा, म्हणून रफिक साबणाच्या डब्यांना तापल्या पेचकसानं भोकं पाडायचा. त्या डब्या मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं गंगापूर, पैठण करायचो, गिऱ्हाइकांकडे बसवायला. शेजारची माणसं विचारायची, साबण विकता का? अख्ख्या सीटला चंदनाचा वास... काय दिवस होते!

मग एका सकाळी दुकानाची किल्ली चहावाल्याकडे ठेवून तो हैदराबादला गेला. मला एक शब्द नाही. ते मी अजून विसरलेलो नाही. त्याच्या बोर्डातलं मेमरी कार्ड काढलं, पुसून कॅमेऱ्यात घातलं. डबी टेबलाच्या दराजात फेकली.

गेल्या उन्हाळ्यात पैठणहून कमलताईंचा फोन आला. त्या पैठणी विणतात. त्यांच्या वारलेल्या मालकांच्या हातच्या नक्ष्यांचे फोटो आमच्या बोर्डांवर होते; मूळ कागद वाळवीनं खाल्ले. आता लाइटच्या झटक्यात त्यांचा बोर्ड जळाला. दुकानातली प्रत माझी डिस्क बिघडली तेव्हाच गेलेली. तिसरी रफिकच्या बोर्डावर... म्हणजे कुठंच नाही.

"भाऊ, यांचं तेवढंच राहिलं होतं वो," ताई म्हणाल्या.

भर दुपारी पैठण गाठलं आणि ताईंच्या घरी मी कोरा बोर्ड लावला. स्क्रीनवर आलं — 'रफिक' जोडू पाहतोय, स्वीकारायचं?

या जोडणीत दोन्हीकडून एकमेकांचा कोड टाकून होकार द्यावा लागतो. माझ्या बोर्डाचा कोड नुकताच तयार झालेला, माझ्याशिवाय कुणी पाहिलेलाही नाही.

दात खाऊन मी 'हो' दाबलं. मोर, कोयऱ्या, वेली... एकेक उतरू लागलं.

"अगं बाई, हा तर आमच्या थोरलीच्या शालूचा पदर!" ताईंनी तोंडाला पदर लावला.

मी तिथूनच रफिकला फोन लावला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. "चोरून कॉपी ठेवलीस ना रे?"

"कायकी कॉपी? डब्बा तो तेरेच दुकान में छोड़ के आया मैं।" मग म्हणाला, "गुस्सा तेरेकू था सेठ, डब्बे कू नहीं।"

मी फोन आपटला.

दुकानात येऊन दराज उघडलं. डबी होती. वर धूळ, वायर नाही, कार्डाची जागा रिकामी.

चार जाणकारांशी भांडून झालं. नक्ष्या ताईंच्या मागावर चढल्यात, त्या खऱ्या आहेत. जोडणीला दोन होकार लागतात. एक मी दिला, नाइलाजानं. दुसरा माझ्याआधीच कुणीतरी देऊन बसलं होतं.