पत्रिकेतला उद्योजक

मंडईसाठी सुट्टी काढून गावी पोचलो आणि कार्यक्रमाची पत्रिका हातात पडली. मंडई म्हणजे आमच्या लाखनीकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. दुपारी दंडारीचा नाच, त्याआधी मंचावर पाहुणे. पत्रिकेत उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक अशी नावांची गर्दी. त्यात मी: 'पुणे येथील सुप्रसिद्ध उद्योजक व दानशूर व्यक्तिमत्त्व'.

मी पुण्यात एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतो. दान म्हणाल तर मंडपासाठी दोन ताडपत्र्या पाठवल्या होत्या.

मंडई भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष माझ्याच वर्गातला. त्याला गाठलं.

"काय छापलं बे हे? खोडून टाक ना."

"कायले खोडू? पुण्याले गेलेला माणूस उद्योजकच राह्यते. आन् तुले दोन शब्द बोलाचे बी हायेत."

वर पानभर भाषण लिहूनही दिलं त्यानं.

खरी धास्ती वेगळीच होती. पहिल्या रांगेत आमचे म्हातारे गुरुजी बसणार होते. आठवीनंतर माझी शाळा सुटली, घरी धानाच्या रोवणीला हात कमी पडत होते. आठवीतच एका निबंधात मी गावच्या तलावाला 'अथांग नीलसागर' म्हटलं होतं. गुरुजींनी लाल शाईनं ते कापलं. "शब्दावडंबर," म्हणाले.

"म्हणजे बडेजाव का, गुरुजी?"

"नाही बेटा. शब्द फुगले तर ते शब्दावडंबर. त्याले कात्री लागते. माणूसच फुगला तर तो बडेजाव. त्याले मी काय करू?"

एवढं बोलणं मी पुण्यापर्यंत सांभाळून नेलं. आता गुरुजींना वाटलं, हा पोरगाच फुगला, तर?

मंडईच्या दुपारी अध्यक्षानं माइकवर माझी ओळ वाचली, वर स्वतःची भर घातली: "महाराष्ट्राचं भूषण!" मागून कोणीतरी शिटी मारली. मी उठलो. गुरुजी चष्मा पुसत होते. भाषणाचा कागद मी खिशातच राहू दिला.

"राम राम. मी उद्योजक नाही. पुण्यात कँटीनमध्ये पोळ्या लाटतो. दोन ताडपत्र्या दिल्या, त्या तुमच्या डोक्यावर हायेत. पोळी गोल लाटायचं आईनं शिकवलं. जास्तीचं कापायचं गुरुजींनी शिकवलं. दोघांचे उपकार. बस."

मी खुर्चीकडे वळलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "गोल लाटते म्हणते बापा! आमच्या घरचा तर जेवलेलं ताट उचलत नाही!"

हसण्यानं मंडप दणाणला. टाळ्या सुरू झाल्या आणि गुरुजी काठी टेकत उभे राहिले. गुरुजी उभे, तर पहिली रांग कशी बसणार? पहिली उठली, मग दुसरी, मग सगळा मंडप. एवढी माणसं माझ्यासाठी कधी उभी राहिली नव्हती. गर्दीतून गुरुजी मोठ्यानं म्हणाले, "यातला एक बी शब्द कापाचा नाही!"

आणि लगेच दंडारीची ढोलकी सुरू झाली.

यंदाची पत्रिका परवाच मोबाइलवर आली. 'पुणे येथील सुप्रसिद्ध पोळीवाले, महाराष्ट्राचे भूषण'. अध्यक्षाला फोन लावायला घेतला होता, मग म्हटलं, राहू दे. फुगले ते शब्दच आहेत. पत्रिकेची छापील प्रत काढून मी कँटीनमध्ये तव्यामागच्या भिंतीवर चिकटवली. पोळी उलटताना नजर जाते, आणि हात जरा जोरात चालतो.