मोजणीची बाग

आमच्या घरासमोरच्या माळाची बाग करायचे ठरले, तेव्हा मी मिशनच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच बाहेर पडले होते. वडील गावच्या बाग-समितीवर होते. संध्याकाळी ते नकाशा पसरत आणि मी त्याचे कोपरे दाबून धरी. चारचौघांत बोलणे मला जमत नसे. कोपरे धरणे जमे.

माळ रिकामा आहे, असे समितीतल्या बाकीच्यांना वाटे. सकाळी तो कधीच रिकामा नसे. गल्लीतली विणकर कुटुंबे तिथे पांजणी करत. ताण्याचे सूत माळभर लांब ताणायचे, त्याला खळ लावायची, कुंचा फिरवत इकडून तिकडे चालायचे आणि वाळलेला ताणा गुंडाळून मागाकडे न्यायचा. एवढी लांब, सरळ जागा दुसरीकडे नव्हती. ती गेली की माग बंद. शेजारची अक्का हे वडिलांना अंगणात येऊन सांगून गेली. ती घरात तेलुगू बोले, आमच्याशी मराठी.

"नाना, बाग करा, फुलं लावा. आमची सकाळ तेवढी सोडा की."

वडिलांनी ते मनावर घेतले. नकाशातले वळणदार रस्ते पुसले, मधला पट्टा सरळ मोकळा ठेवला आणि सभेमागून सभा करत सकाळची परवानगी मिळवली. त्या सभांहून परतल्यावर ते बराच वेळ जोडेही न काढता ओसरीवर बसून राहत.

ठराव इंग्रजीत झाला. त्यात पांजणीसाठी 'सायझिंग' हा गिरणीतला शब्द होता. कचेरीतल्या कारकुनाला 'साइझ' म्हणजे माप एवढे माहीत. फाटकावर पाटी लागली: 'बागेत सकाळी मोजणीस परवानगी आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत कोणीही आले नाही. अक्काने ताणा गल्लीतच बांधला आणि अक्कलकोटच्या बाजूने आलेल्या एका बैलगाडीने तो तोडला. ओरडा ऐकून मी खाली गेले. ती दारात तुटलेली सुते जोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काय ताई, साखळी घेऊन कधी येणार तुमची माणसं?"

"कसली साखळी?"

"मोजणीची. पाटी वाचली की आमच्या माणसांनी. मोजणी झाली की जागा सरकारात जाती. एवढं कळतंय आमाला."

शब्द चुकला आहे, ती पांजणीच आहे, एवढे मी कसेबसे सांगितले.

"मग पांजणी लिवायला काय झालं?"

"ते इंग्रजीतून आलंय."

"पांजणी इंग्रजीत गेली कशाला?"

मी खाली पडलेले सुताचे एक टोक उचलून तिच्या हातात दिले.

वडिलांना सांगितले तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. पाटी बदलायची म्हणजे पुन्हा ठराव, पुन्हा सभा. "पुन्हा," एवढेच म्हणाले.

सकाळी टोपी घालून ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. एकटे वेड्यासारखे दिसतील म्हणून मीही गेले. ताण्याच्या काठ्या घेऊन माणसे लांबच थबकली होती. वडील प्रत्येकाला म्हणत होते, "या, पांजणीच आहे. या."

अक्का पुढे आली. "तुमी हितं उभे, म्हंजे साखळी येणार न्हाय?"

"मी आहे तोवर नाही."

"आणि तुमी दमलात की?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "मग ही उभी राहील."

मला कोणी विचारले नव्हते. पण अक्काने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, "ही? ही तर बोलतच न्हाय," म्हणाली आणि बागेत जाऊन ताणा लांब पसरू लागली.

पुढे वडील तापाने पडले आणि खरेच मी उभी राहिले. रोज पहाटे तेच फाटक, तीच चुकीची पाटी, आणि तोंडात एकच शब्द, पांजणी. नवी पाटी आली तोवर माझे पाय दुखून येत होते आणि सगळी गल्ली बागेला मोजणीची बाग म्हणू लागली होती. जाता येता अक्का विचारी, "ताई, आज मोजणी किती भरली?"

वडील आता समितीवर नाहीत. मधल्या पट्ट्यात हिरवळ का धरत नाही, असे संध्याकाळी फिरायला येणारे अजून विचारतात. मी खिडकीतून ऐकते. खाली जाऊन सांगावेसे वाटत नाही. सकाळी ताणा लागला आहे एवढे पाहते आणि खिडकी लावून घेते.