पाव फेरा, मग चहा

भालूदादाच्या बास गिटारची मान मी मोडली. एकवीस वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. शेवटी सांगितलं ते ज्याचा बास होता त्यालाच, आणि तेही तो जायच्या नऊ दिवस आधी. आज सगळ्यांसाठी लिहून टाकतो आहे, कारण आमच्या बेंजो पार्टीतली माणसं अजून समजतात की ती मान भालूदादाच्याच हातून गेली. त्याच्या दहाव्याला खाडीवर बसलो होतो, तेव्हाही कुणीतरी हळहळून तेच बोललं. मी पाण्याकडे बघत राहिलो. म्हणजे तिथेही गप्पच बसलो...

त्याच्या बायकोचा, वासंतीवहिनींचा, फोन आला तेव्हा मी बोईसरला कंपनीच्या गेटवर पहिल्या पाळीच्या रांगेत उभा होतो. "मधू, गेले रे," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन उठवायला गेले, तं उठलेच नाय." मी रांगेतून बाहेर येऊन कठड्यावर बसलो. रडू आलं नाही. मनात पहिलं काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण आता लाज राखून काही मिळवायचं नाही. मनात आलं, बरं झालं, सांगून झालं होतं. खांद्यावरून गोण उतरवल्यावर माणूस क्षणभर उगाच ताठ उभा राहतो ना, तसा मी त्या कठड्यावर ताठ बसलो होतो.

भालूदादा तारापूरच्या अलीकडच्या वाडीतला. घरची चिकूनारळाची बाग, नोकरी बोईसरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियनची, आणि जीव बास गिटारमध्ये. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. हळदीला, वरातीला बेंजो पार्टी टेम्पोवर चढून वाजवते, तेव्हा सगळ्यांचं लक्ष बेंजोवाल्याकडे असतं आणि बासवाला मागे स्पीकरच्या खोक्याला टेकून उभा असतो. "बेंजो कानाला, बास गुडघ्याला," भालूदादा म्हणायचा. "लोकांना वाटतं आपण बेंजोवर नाचतो. नाचू दे." मी मासवणकडचा, त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, कंपनीत फिटर म्हणून नवा लागलेला. एका वरातीत त्याच्या स्पीकरची वायर निघाली ती मी जोडून दिली आणि त्याच्या पडवीत माझी कायमची जागा झाली.

तो बास त्याने घेतला तेव्हा मी बरोबर होतो. वसईला एक म्हातारे वादक होते, हॉटेलच्या बँडमध्ये वाजवलेले. बोटं आखडली म्हणून ते बास विकणार होते. कलकत्त्याला बनलेला, काळपट लाल रंगाचा, रंगाचे पोपडे उडालेले. मी म्हटलं, "दादा, याच्यापेक्षा नवा घे की." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. बास उचलून डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरला, एक डोळा मिटून मानेच्या रेषेत बघितलं. मग अ‍ॅम्प्लिफायरला न जोडताच त्याचं लाकूड कानाच्या मागच्या हाडाला लावलं आणि जाड तार छेडली. नारळ कानाशी हलवून बघतात, अगदी तसं. "पाणी हाय," एवढंच म्हणाला. गोधडीत गुंडाळून, स्कूटरवर दोघांच्या मध्ये मी आडवा धरून, तो बास तारापूरला आला.

त्यानंतर दोन वर्षं त्या बासवर जे काही झालं ते मला पायरीपायरीने पाठ आहे. जनरेटर लावला की त्यातून भुंग्यासारखा आवाज यायचा. दादाने मागचं झाकण उघडून आतल्या पोकळीला चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद चिकटवला, त्याला एक वायर टाकून तारांच्या ठोकळ्याला जोडली, आणि भुंगा गेला. खाऱ्या हवेने बटणं खरखरायची, म्हणून पेटीत औषधांच्या डब्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या भरून ठेवायचा. तारा मेल्या, आवाज बोथट झाला, की नव्या आणायच्या आधी जुन्या पातेल्यात सोडा घालून उकळायच्या. पातेलं अर्थात वहिनींचं. "मधू, जेवून जा हां," त्या आतून म्हणायच्या. "आज तारांची आमटी हाय. काल याच पातेल्यात पंख्याचं तेल होतं, ते आमी सगळ्यांनी खाल्लं." दादा निर्विकारपणे विचारायचा, "मीठ बरोबर हाय ना?"

पण त्याचं खरं नाव होतं ते मान बसवण्यात. बासच्या मानेच्या पोटात लांब लोखंडी सळई असते. तारा मानेला पुढे ओढतात, सळई मागे ओढते. आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, मान वाकते, मग तारा वर उचलल्या जातात आणि दाबताना बोटं सोलतात. तेव्हा टोकाशी एक छोटी एल आकाराची चावी घालून सळई आवळायची. भालूदादाचा नियम एकच. पाव फेरा, मग चहा. "चहा म्हंजे एक कप नाय," तो समोरच्याला बजावायचा. "उद्यापर्यंतचा चहा. लाकूड सावकाश ऐकतं." तुळशीचं लग्न झालं की वाणगावपासून मनोरपर्यंतचे वादक आपापल्या गिटारी घेऊन यायचे, लग्नसराईच्या आधी मान सरळ करून घ्यायला. दसऱ्याला पाटावर पक्कड आणि टेस्टरच्या शेजारी ती चावी असायची, हळदकुंकू लावलेली. बास पाटावर नसायचा. "बास वाजवायची वस्तू," तो म्हणायचा, "हत्यार ही."

आता ते सांगतो. लग्नसराईचं पहिलं लग्न वाणगावच्या बाजूला होतं, रविवारी. दादाची नेमकी ड्युटी आली, आणि तो म्हणाला, "मधू, तू वाजव. माझाच बास घेऊन जा." मी कधी टेम्पोवर चढलो नव्हतो. गुरुवारी त्याने मानेला पाव फेरा दिला. तारा अजून उंच होत्या. "उद्या ड्युटीवरून येऊन दुसरा देतो," म्हणाला. "तवर हात लावू नको." शुक्रवारी माझी सुट्टी होती, दुपारीच सरावाला गेलो. वहिनी मागे बागेत चिकू उतरवत होत्या. अर्ध्या तासात माझी बोटं लाल झाली. असंच राहिलं तर रविवारी टेम्पोवर वाजवणार कसं? चावी समोरच फळीवर होती. वाटलं, आज काय नि संध्याकाळी काय, पाव फेराच तर आहे. चावी घातली, थोडी फिरली आणि अडकली. खारी हवा, आत गंज असणार.

इथे दुसरा कुणी असता तर थांबला असता. मी फिटर होतो. आमच्या कंपनीत जाम बोल्ट हलत नसला की पान्याच्या दांड्यात पाइपाचा तुकडा घालतात. दांडा लांब, जोर दुप्पट. मला काम शिकवलेला उस्ताद म्हणायचा, "पाइप लगा बेटा, बोल्ट का बाप भी घूमेगा." दादाच्या वायरिंगच्या सामानात वीतभर पाइप पडला होता. मी तो चावीवर चढवला आणि दाब दिला. फिरली, अजून फिरली... आणि मानेच्या आत टक् झालं. मोठा आवाज नव्हे. शेंगदाणा फोडावा तेवढाच. त्यानंतर चावी बोटाने ढकलली तरी गरगर फिरायला लागली. मी पाइप होता तिथे ठेवला, चावी फळीवर ठेवली, टोकाचं छोटं झाकण बसवून स्क्रू लावले, बास खुंटीला अडकवला. "वहिनी, येतो," अशी हाक दिली. "चहा?" त्यांनी बागेतून विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी परत गेलो ते सांगायलाच. आजही शपथेवर सांगेन, सांगायलाच. दादा पडवीत बास मांडीवर घेऊन बसला होता आणि चावी बोटाने फिरवत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काल पाव दिला ना, तो जास्तीचा झाला. सळईला खारं लागलेलं, मला समजायला पायजे होतं. माझाच हात जड." मी उंबऱ्यावर उभा होतो. खोटं एक अक्षर बोललो नाही. नुसता गप्प राहिलो, आणि त्या एका सोयीवर पुढे एकवीस वर्षं काढली. रविवारी त्याने माझ्यासाठी दुसऱ्याचा बास मागून आणला. मी बरा वाजवला. "छान झालं, असं ऐकलं," तो सोमवारी पाठीवर हात ठेवून म्हणाला. तो हात मला अजून जाणवतो.

त्यानंतर भालूदादाने कुणाच्या मानेला हात लावला नाही. लोक येत राहिले. तारा बदलून दे, पिकअपच्या सुटलेल्या वायरीला कथलाचा डाग दे, फाटलेल्या स्पीकरला कागद चिकटव, सगळं करायचा. मान म्हटली की बास परत हातात द्यायचा. "मान मी बघत नाय. माझा हात जड हाय." माणसं हळूहळू मुंबईला जायला लागली. दसऱ्याच्या पाटावरून चावी गेली. तो लाल बास मात्र खुंटीवर राहिला, तारा काढलेला. मी दर आठवड्याला त्याच्यासमोर बसून चहा प्यायचो. पार्टीचा म्होरक्या रमाकांत एकदा मस्करीत म्हणाला, "भालूदादा, माझ्या बेंजोच्या पेटीचं बिजागर तरी बघतोस, का तुझा हात जड?" सगळे हसले. दादाही हसला. मी सर्वांत मोठ्याने हसलो.

यंदा त्याची किडनी गेली. बोईसरला डायलिसिसला न्यायचो त्याला, आठवड्यातून दोनदा. हात सुजायचे. एका रविवारी सकाळी घरी पडवीत खाटेवर पडला होता, खुंटीकडे बघत म्हणाला, "तो बास तू घेऊन जा. मान बदलून वाजव. मी वाया घालवला." का कुणास ठाऊक, त्या 'मी'वर माझं सगळं सुटलं. म्हटलं, "दादा, तू नाही. मी मोडली." मी सांगत गेलो, शुक्रवार, चिकू, फळीवरची चावी...

सगळं ऐकून त्याने विचारलं, "किती फिरवलीस?"

"एक फेरा. जास्तच असेल."

"माझ्या चावीने? हाताने एक फेरा फिरणारच नाय."

"पाइप लावला."

"काय लावला?"

"पाइप, दादा. चावीला."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला. "बासला पाइप! अरे गाढवा, ती काय कंपनीची टाकी हाय?" डोळे पुसले. "म्हंजे मी पावच दिला होता," तो म्हणाला. "होय दादा." "पावच ना?" "पावच." त्याने उजवा हात वर केला. सुजलेला, सुया टोचून काळानिळा झालेला. तो उलटासुलटा करून बघितला, आपला आहे की नाही याची खात्री करावी तसा. मग आत हाक मारली, "वासंती, इकडे ये. ऐक हा काय म्हणतो. माझा हात नव्हता गं!"

मला वाटलं होतं तो रागावेल. त्याच्याकडे रागाला वेळच नव्हता, तो सुटला होता. रागावल्या वहिनी. दारात उभ्या राहून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "एकवीस वरसं हा माणूस कुकरचा दांडा आवळायला मला सांगायचा. का, तं हात जड. आणि तू इथे माझ्याच हातचा चहा पीत बसायचास." त्या दिवशी चहा आला नाही. मी मागितलाही नाही.

दादाने मला घरी पिटाळलं, माझा बास आणायला. दुपारी आणला, तेव्हा तो उशांना टेकून चावी हातात घेऊन तयार होता. मान डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला. चावी घातली. हळूच फिरवली. पाव फेरा. "बास," म्हणाला. "अजून एक पाव लागेल. पुढल्या रविवारी आण. पाइप आणू नको." त्या आठवड्यात शनिवारचं डायलिसिस रविवारवर गेलं आणि लांबलं, आम्ही उशिरा घरी आलो आणि तो लगेच झोपला. मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. मला त्याची आठवण येते, बोईसर स्टेशनच्या पुलावर कुणी पाठीला गिटारची पिशवी अडकवलेलं दिसलं की विशेष. पण झोप लागते. हे लिहायला कसंतरी वाटतं, पण लागते, पूर्वी लागायची नाही तशी. माझ्या बासची मान त्याने सोडली तिथेच आहे. सातव्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, तार जराशी उंच लागते, लागू दे.

दसऱ्याला वहिनींनी बोलावलं. यंदा घरात सण नव्हता. तोरण नाही, गोडधोड नाही. पण पाट मांडलेला होता आणि त्यावर पक्कड, टेस्टर, आणि पुसून चकचकीत केलेली ती चावी. खुंटी रिकामी होती. लाल बास गोधडीत गुंडाळून भिंतीला टेकवला होता, वसईहून आला होता तसाच. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मान बदलायची नाय. हीच दुरुस्त करून आण. मंग चहा देईन." चावी त्यांनी स्वतः माझ्या हातावर ठेवली.

मान उघडायची तर वरची लाकडी पट्टी कपड्यांच्या इस्त्रीने तापवून, डिंक सैल करून, सुरीने केसाकेसाने सोडवावी लागते. दोन मोडक्या गिटारींवर हात बसवून बघितला आहे. एक जळली, एक नीट सुटली. नवी सळई तयार आहे. बास माझ्या टेबलावर आहे, पट्टी अजून लावलेलीच आहे. रमाकांतला आणि पार्टीतल्या बाकीच्यांना मी तोंडाने सांगितलेलं नाही, तेही राहिलं आहे. हे वाचून त्यांना कळेल, पण त्याने माझं सांगणं फिटत नाही. त्यांच्यासमोर उभं राहून 'ती मान मी मोडली' असं म्हणणं, आणि सरळ मानेचा तो लाल बास वासंतीवहिनींच्या पडवीतल्या खुंटीवर परत अडकवणं, एवढं मी भालूदादाचं देणं लागतो.