ऐसपैस काकीचं तळखाचर

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळच्या उन्हात, पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीने ऐसपैस काकीचं तळखाचर काढून घेतलं. चोरांनी नव्हे, पंचांनी. त्या पंचांत माझे वडील होते. मी त्या दिवशी महाडच्या बाजारात 'कसेल त्याची जमीन' अशी पत्रकं वाटत होतो.

काकीचा नवरा मुंबईला गिरणीत होता, तिथेच गेला. भाऊबंदांनी तेव्हा ठरवलं की ती कसते तोवर हे खालचं खाचर तिचं. पडीक टाकलं तर दिराचं. काकीने एकही साल पडीक टाकलं नाही. भात कापलं की ओल आहे तोवर वाल. पण आमच्याकडे वाल मुठीने फेकतात आणि बांधावरून रान गच्च हिरवं दिसलं की छाती फुगवतात. काकी टोकायची. दोन-दोन दाणे, ओळीत.

तेही सगळीकडे सारखं नाही. घरामागच्या पातळ मातीत बुटका वाल, ओळींत विळ्याएवढं अंतर. तळखाचराची माती खोल, म्हणून तिथे पसऱ्या वाल, आणि दोन ओळींत कुदळीचा अख्खा दांडा आडवा पडेल एवढी जागा. "बुटका शेजाऱ्याला टेकून बसतो," ती सांगायची. "ह्याला ऐसपैस लागतं. कोंडलास तर निसता पाला करील, शेंग नाय धरायचा." नाव यातूनच पडलं. एका साली तिने खाचराचा एक कोपरा मुद्दाम दाट लावला होता. तिथे गुडघाभर पाला माजला आणि शेंगा खाली कुजल्या. तो कोपरा सगळ्या वाडीने पाहिला होता. हे लक्षात ठेवा.

बांधावरून जाणारे टोमणे मारत. कोणी विचारलं, "काकी, मधल्या जागेत मांडव घालायचा हाय काय गो?"

"घालनार. शेंगांचा. जेवाय ये, पन ताट घरचं आन."

तिची जीभ अशी होती. तोडायची, पण ओरखडा ठेवायची नाही. शेंगा आल्या की टोमणे मारणाऱ्याच्याच घरी पहिली ओंजळ जायची.

त्या गुरुवारी दिराने पंचांना बांधावर आणून उभं केलं. वाल नुकता चार पानांवर आलेला. दोन ओळींत उघडी भुई. दीर म्हणाला, बघा, अर्ध्याहून जास्त रान ओसाड, वैनीच्याने झेपत नाही. माझ्या वडिलांनी मान डोलावली. खाचरात कोणी उतरलं नाही. काकी एवढंच बोलली, "भावोजी, पौष सरू दे. वेल धावला की मग ह्यात उघडी भुई शोधून दावा."

कोणी थांबलं नाही. पडीक ठरलं, उभ्या पिकासकट दिराच्या हाती गेलं. माघात वेल एकमेकांना भिडले, भुई दिसेना, आणि दिराने घरटी टोपली टोपली शेंगा वाटल्या. वाडीने बिरडं केलं. आमच्याही चुलीवर शिजलं. पंच शेंगा सोलत बसले आणि ज्या रानाला आपण ओसाड म्हटलं त्याच रानातून त्या आल्या, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. पुढल्या साली दिराने तळखाचरात तोच पसऱ्या वाल लावला, तोच कुदळीचा दांडा आडवा ठेवून. आता सगळे म्हणाले, गडी शहाणा आहे.

काकी वरंधला भावाकडे गेली. मी गेल्या शिमग्यात तिला भेटलो. वडिलांच्या वतीने माफी मागायची, असं वाटभर घोकत गेलो होतो. तिने पाणी दिलं आणि आधी विचारलं, "तळखाचरात वाल ऐसपैस लावलान ना रे त्याने?"

लावलान, म्हटलं.

"मग बरं."

मी पाणी प्यायलो, तांब्या खाली ठेवला. माफी न मागताच वाडीला परतलो.

वाडीकरांनो, तुम्ही हे वाचताय आणि तुम्हांला तो बांध ठाऊक आहे. येत्या कार्तिकात भात कापलं की खाचर मोकळं होईल. दिराने दांडा आडवा ठेवायच्या आत त्या बांधावर या, खाली उतरा, आणि पंचांच्या तोंडावर सांगा की ते रान पडीक नव्हतं, ते काकीला परत द्या. माझ्या बापाला मी सांगितलंय. आता तुम्ही सांगा.