बूट काढल्यावर

अमेरिकेत कॅरी गावात, आमच्या मुलाच्या घरासमोर एक इंग्रज म्हातारा राहतो, भाचीकडे. जन्मभर नट. हिरो कधीच नाही. बटलर, जज, दारुडा डॉक्टर, असली कामं. आधी लंडनची नाटकं, मग इथल्या सिरियली. नुसता मेलबॉक्स बघायला निघाला तरी आज घोडेस्वाराचे बूट, उद्या पाद्र्याचे, आणि चालही तशीच. आमची ही खिडकीत बसून बघायची.

"अहो, ह्याला बायको असेल का हो? विचारा ना."

विचारलं मी, मुंबईत टॅक्सी चालवून जेवढं इंग्रजी आलं तेवढ्यात. जजच्या बुटांत म्हणाला, तीन लग्नं झाली. दारुड्याच्या बुटांत म्हणाला, बायको पळून गेली. ही हसून हसून बेजार. मग थंडीत ती गेली. खरं काय ते न कळताच गेली, हे मला खुपत राहिलं. म्हणून त्याला जेवायला बोलावलं.

सून म्हणाली, "बाबा, प्लीज, पर्सनल काही विचारू नका हं."

"तुझ्या सासूचं काम आहे ते," मी म्हटलं.

दारातच त्याला बूट काढायला लावले, आमच्यात बूट घालून घरात येत नाहीत. काढले आणि गडी एकदम अवघडला. जेवायला बसला तरी हात कुठे ठेवावेत कळेना.

"काय झालं?"

"मी कुठलंही काम बुटांपासून सुरू करतो. बूट सापडले की माणूस सापडतो. अनवाणी मी कोण म्हणून बोलू?"

"कोण म्हणून नको. नुसतं बोला. लग्न झालं होतं का?"

सुनेनं कपाळाला हात लावला.

तो आमटीच्या वाटीत बघत राहिला. बायको नव्हतीच कधी, म्हणाला, बारीक आवाजात. नाटकाचे कपडे शिवणारा एक शिंपी होता. दोघं एकाच घरात म्हातारे झाले. शिंपी गेला त्या संध्याकाळी ह्याचा प्रयोग होता. बटलर होऊन ट्रे घेऊन हा स्टेजवर फिरला, लोक खूप हसले. घरी आल्यावर बूट काढायचा धीर होईना, तसाच खुर्चीत बसून राहिला.

मी काही शिकलेला नाही. वाटलं ते बोललो. "म्हणजे तुम्हीपण विधुरच की. माझ्यासारखे."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "तुमची कशी होती?"

सगळे मला तिचा आजार विचारतात. ती कशी होती, हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"चौकस," मी म्हटलं, "भारी चौकस," आणि त्याला पोळी वाढली. नको नको म्हणाला. तरी वाढलीच.