हॅशपुढची ओळ

रुग्णालयात तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणत. वॉर्डातल्या सिस्टरनं टाइप केलेली सूचना औषधखोलीत छापून निघते ना, तो प्रोग्राम हिचा. बाई कामाला चोख, पण फुशारकी थोडी होतीच. तिनं एक छोटं मॉड्यूल लिहिलं होतं. मजकुरात अवतरणचिन्ह नाहीतर तिरकी रेघ आली, की ते त्याच्याआधी एक खूण टाकायचं, म्हणजे मशीन त्याला हुकूम न समजता साधं अक्षर समजायचं. सगळे वॉर्ड तेच वापरत. "तुझ्यापुढे मशीनसुद्धा सुतासारखं सरळ," नवरा म्हणायचा, आणि ही खुशाल मान डोलवायची.

दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या एका सिस्टरनं सोमवारी दुपारी सहज विचारलं, "बाई, मी पेनिसिलिन देऊ नका असं लिहिलं होतं, ते छापलंच नाही का?"

तिनं पडद्यावर चिठ्ठी उघडून पाहिली. महत्त्वाच्या ओळीआधी हॅशचं (#) चिन्ह टाकायची सिस्टरची सवय होती. हॅशपुढचं सगळं मशीन फालतू शेरा समजून सोडून देतं. मॉड्यूलमधल्या चिन्हांच्या यादीतून हॅश हिनंच वगळला होता. आजाऱ्याच्या चिठ्ठीत हॅश कोण कशाला लिहील, म्हणून. घ्या आता.

"कुठला पेशंट?"

"अकरा नंबरचे आजोबा. पेनिसिलिननं मागं एकदा जिवावर बेतलं होतं त्यांच्या."

चिठ्ठीबाई धावत सुटली. वॉर्डात आजोबा बाही वर करून बसलेले, शेजारी ट्रेमध्ये पेनिसिलिनचं इंजेक्शन भरून तयार. तिनं ट्रेच उचलला.

"काय झालं गं पोरी?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही आजोबा, दुसऱ्याचं आलंय," ती म्हणाली.

मॉड्यूलमध्ये एक चिन्ह घालायला मिनिटही लागलं नाही. मग तिनं जुन्या चिठ्ठ्या शोधल्या. हॅशवाल्या आणखी सोळा निघाल्या. सोळाही माणसं घरी गेलेली, नको ते औषध घेऊन की काय, कुणास ठाऊक.

मोठ्या डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "यादी काढा. फोन तुम्ही लावा, मी शेजारी बसतो."

पहिला फोन पेशंटच्या मुलीनं उचलला.

"रुग्णालयातून बोलतेय. बाबा आहेत का?"

"झोपलेत. उठवू का?"

"उठवा," ती म्हणाली. पलीकडून खोकत खोकत "हॅलो" ऐकू येईपर्यंत तिनं श्वास सोडला नाही. अजून पंधरा नंबर होते.